टॉवेलची पट्टी आणि काळवंडलेलं जस्त : एका डॅनियल घटाचा हिशेब

दुपारी साडेचारला जस्ताची पट्टी बीकरमधून वर काढली, तेव्हा ती चुलीवरच्या पातेल्याच्या बुडासारखी दिसत होती. सकाळी पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेली पट्टी, आणि आता तिच्यावर काजळीसारखा लोंबता थर. शेजारची तांब्याची पट्टी मात्र नव्या नवरीसारखी गुलाबी. मुलीने दोन्ही पट्ट्या धुतल्या, वाळवल्या, काट्यावर ठेवल्या आणि आकडे वाचले : जस्त ०.२९ ग्रॅमने घटलं, तांबं ०.१७ ग्रॅमने वाढलं. वहीतल्या गणिताप्रमाणे दोन्हीकडे साधारण ०.२० यायला हवं होतं.

"सर, माझं काय चुकलं?"

हा प्रश्न तिने विचारला, म्हणूनच हे प्रकरण लिहितोय. त्याच महिन्यात तपासलेल्या इतर सगळ्या वह्यांमध्ये घट आणि वाढ दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत अगदी सारखी होती. त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

मुलगी बारावी विज्ञानची. घर सोलापूरच्या पूर्व भागात, घरी तेलुगू, दहावीपर्यंत शाळा मराठी माध्यमाची. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. प्रकल्पासाठी तिने डॅनियल घट निवडला, म्हणजे जस्त आणि तांब्याच्या पट्ट्या आपापल्या द्रावणात बुडवून वीज देणारा घट. पण नुसता घट जोडून मल्टिमीटरवर १.१ व्होल्ट दाखवायचे नि मोकळं व्हायचं, एवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. तिला पट्ट्यांचं वजन करून बघायचं होतं. घट चालताना इलेक्ट्रोड बदलतात असं पुस्तक म्हणतं. किती बदलतात, ते तिला स्वतःच्या काट्यावर बघायचं होतं.

सुरू करण्याआधी मी तिला अंदाज लिहायला सांगितला. कुठली पट्टी झिजेल, कुठली जाड होईल? तिने लिहिलं : "तांबे धनाग्र आहे, म्हणून तांबे झिजेल. जस्त ऋणाग्र आहे, म्हणून जस्तावर थर चढेल."

अंदाज साफ उलटा. पण त्यामागचा विचार बघा. दहावीत ती तांब्याचं विद्युत अपघटनी शुद्धीकरण शिकली होती. तिथे अशुद्ध तांब्याची जाड पट्टी धनाग्राला जोडतात, ती झिजते. ऋणाग्रावरच्या पातळ पट्टीवर शुद्ध तांबं चढतं. मग डॅनियल घटात मल्टिमीटरने दाखवलं की तांबं धन टोक आहे. धन टोक म्हणजे धनाग्र, आणि धनाग्र झिजतं. तर्कात कुठे खोट आहे? खोट शब्दात आहे. अ‍ॅनोड आणि कॅथोड, म्हणजे आपले धनाग्र आणि ऋणाग्र, हे शब्द मायकेल फॅरडेने १८३४ मध्ये विल्यम ह्युएल या विद्वानाच्या सल्ल्याने ग्रीकमधून घेतले. त्यांचा अर्थ 'वर जाणारी वाट' आणि 'खाली जाणारी वाट' असा काहीसा आहे. त्यात धन नाही, ऋण नाही. आपण मराठीत आणताना विद्युत अपघटन डोळ्यासमोर ठेवलं आणि शब्दाला चिन्ह चिकटवून टाकलं. बाहेरून बॅटरी जोडलेली असते तोवर ते चिन्ह बरोबर बसतं. घट स्वतःच वीज तयार करायला लागला की अ‍ॅनोड ऋण टोकाला येतो, आणि 'धनाग्र ऋण आहे' असलं वाक्य वर्गात बोलायची वेळ येते. मी वर्षानुवर्षं बोलत आलोय. पोरं मान डोलावतात, समजलेलं कुणालाच नसतं.

तिला म्हटलं, नावं बाजूला ठेव. इलेक्ट्रॉन कोण सोडतंय ते बघ. जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन पट्टीत सोडतो आणि स्वतः आयन, म्हणजे प्रभार असलेला कण, होऊन द्रावणात उतरतो. हे ऑक्सिडीभवन, ते जिथे होतं तो अ‍ॅनोड. म्हणून जस्त झिजतं. ते इलेक्ट्रॉन तारेतून तांब्याकडे येतात, आणि द्रावणातला तांब्याचा आयन ते घेऊन पट्टीवर धातू होऊन बसतो. हे क्षपण, हा कॅथोड. म्हणून तांबं जाड होतं. तिने अंदाज खोडला नाही, त्याच्याखाली नवा लिहिला. वहीत दोन्ही आहेत.

आता मांडणी. एका बीकरमध्ये मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) एक मोलर द्रावण, १५० मिलिलिटर. दुसऱ्यात झिंक सल्फेटचं एक मोलर द्रावण, १०० मिलिलिटर. बाटलीत तेवढंच उरलं होतं. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील. पाणी बॅटरीच्या दुकानातलं, डिस्टिल्ड. बोअरच्या पाण्यात आदल्या दिवशी झिंक सल्फेट घालून बघितलं होतं, द्रावण दुधाळ झालं होतं. जस्ताची पट्टी १८.४६ ग्रॅम, तांब्याची २१.३० ग्रॅम. बाहेरच्या तारेत दहा ओहमचा रोधक आणि मिलिअँपिअर मोजायला मल्टिमीटर.

राहिला क्षारसेतू, म्हणजे दोन द्रावणांना जोडणारी, क्षारात भिजलेली वाट. अगर-अगर संपलं होतं. फिल्टर कागदाची ओली पट्टी चालते, पण तिचा रोध एवढा की प्रवाह जेमतेम येतो, आणि एका दिवसात काट्यावर दिसेल इतकं वजन बदलत नाही. तेव्हा तीच म्हणाली, "सर, टॉवेलची पट्टी लावू की. घरी कटपीस पडलेत." मला कल्पना आवडली. सोलापूरचा टर्किश टॉवेल, फक्त सुती, उभ्या फासांचा. त्यात पोटॅशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण भरपूर मावणार. तिने आणखी डोकं लावलं. नव्या कापडात सायझिंगची खळ असते, पाणी नीट शिरत नाही, म्हणून पट्टी उकळून धुऊन आणली. चार बोटं रुंद, दुहेरी घडी, एक टोक निळ्या द्रावणात, दुसरं पांढऱ्यात.

सकाळी साडेनऊला जोडणी झाली. बाहेरची जोडणी उघडी असताना १.०७ व्होल्ट. जोडणी पूर्ण केल्यावर ३१ मिलिअँपिअर.

दर अर्ध्या तासाला ती आकडा लिहीत राहिली. बारा वाजता २२, दोनला १७. तिने लगेच पुस्तकातलं कारण सांगितलं : जस्ताचे आयन वाढले, तांब्याचे कमी झाले, म्हणून नर्न्स्ट समीकरणाप्रमाणे (द्रावणांच्या तीव्रतेवरून व्होल्टेज सांगणारं सूत्र) व्होल्टेज पडलं. ऐकायला झकास. पण आकडे घालून बघितलं तर त्या फरकाने जेमतेम एखादा मिलिव्होल्ट कमी व्हायला हवा. प्रवाह निम्म्यावर कशाने आला? ऑक्टोबरचं ऊन, डोक्यावर पंखा आणि मध्ये लोंबकळणारा ओला टॉवेल. प्रयोगशाळेतले मामा जाता जाता म्हणाले, "वाळलाय की तो." पोटॅशियम नायट्रेटचे दोन ड्रॉपर पट्टीवर सोडले, आकडा २६ वर चढला. कारण सोपं निघालं की उगाच हसू येतं.

निळा रंगही फिका झाला नाही. सगळ्या वह्यांत 'निळा रंग फिका होत जातो' हे निरीक्षण असतंच. दिवसभरात तारेतून जेवढी वीज गेली, तिच्यामुळे निळ्या बीकरमधल्या तांब्याच्या आयनांपैकी साधारण दोन टक्के पट्टीवर बसले. शंभरातले दोन गेल्याने निळाई फिकी झालेली कुठल्या डोळ्याला दिसते? तिने वहीत लिहिलं, 'रंगात फरक दिसला नाही.' मी खाली लाल पेनाने बरोबरची खूण केली. जरा मोठीच केली.

साडेचारला बंद केलं. सात तास म्हणजे २५,२०० सेकंद, सरासरी प्रवाह २४ मिलिअँपिअर. गुणाकार ६०५ कूलोम. एक मोल इलेक्ट्रॉनांचा प्रभार ९६,४८५ कूलोम, आणि प्रत्येक अणूमागे दोन इलेक्ट्रॉन, म्हणजे ०.००३१४ मोल धातूची ये-जा. जस्ताचा अणुभार ६५.३८, म्हणून घट ०.२०५ ग्रॅम. तांब्याचा ६३.५५, म्हणून वाढ ०.१९९ ग्रॅम. काट्यावर आलं ०.२९ आणि ०.१७.

पहिली शंका तिने काट्यावर घेतली. तांब्याचं वजन तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच आलं. मग मी विचारलं, "जस्तावरचं हे काळं काय आहे?"

"जस्ताचं ऑक्साइड?"

ते पांढरं असतं. तिला ते आठवलंही, पण डोळ्यासमोर काळं होतं, तर काळ्याला काहीतरी नाव द्यायला हवं होतं. जुना टूथब्रश आणला आणि पट्टी पाण्याखाली धरून घासली. काळा गाळ सुटला तसा पाण्यात तपकिरी-लालसर दिसायला लागला. चिमूटभर गाळ खिडकीजवळ नेऊन त्यावर पातळ नायट्रिक आम्लाचे थेंब टाकले. तपकिरी वाफ आली, द्रावण निळं-हिरवं झालं. अमोनिया घातल्यावर गर्द निळं. तांबं. अगदी बारीक कणांचं ताजं तांबं असंच काळं दिसतं.

घासलेली पट्टी पुन्हा काट्यावर ठेवली : १७.८९ ग्रॅम. म्हणजे घट ०.२९ नव्हे, ०.५७.

"अजून वाढलं की सर!" तिचा चेहरा पडला. माझा खुलला.

जस्ताच्या बीकरमध्ये तांबं आलं कुठून? तिने टॉवेलकडे बघितलं. जस्ताकडच्या टोकाला फिकट निळसर झाक होती. बीकरवर सकाळी चिकटवलेल्या टेपच्या खुणेपासून निळं द्रावण दोन-तीन मिलिमीटर खाली उतरलं होतं. एका बाजूला १५० मिलिलिटर, दुसरीकडे १००. दोन्ही बीकर सारखेच, म्हणजे निळी पातळी बोटभर वर. बादलीच्या काठावर ओला टॉवेल अर्धा आत, अर्धा बाहेर टाकून ठेवला तर सकाळी फरशीवर पाण्याचं थारोळं दिसतं. तेच इथे सात तास चाललं होतं. टॉवेल केशाकर्षणाने मोरचूद वर ओढत होता आणि खालच्या पातळीकडे सोडत होता. तिने उकळून खळ काढली, त्यामुळे तर जास्तच. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "पप्पांना सांगितलं तर हसले. म्हणाले, पाणी ओढत नाही तो टॉवेलच नाही."

जस्ताला तांब्याचा आयन समोर दिसला की त्याला तारेची गरज राहत नाही. तो जागच्या जागी दोन इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. जस्त विरघळतं, तांबं तिथेच बसतं. रासायनिक अभिक्रिया घटातलीच, पण इलेक्ट्रॉन मीटरला वळसा घालून गेले. मीटरने ६०५ कूलोम मोजले आणि ते खरेच होते. मागच्या दाराने किती गेले, ते पट्टीनेच सांगितलं.

आता पहिलं वजन का फसवं होतं, ते बघा. मला या प्रकरणातली सगळ्यात गोड जागा हीच वाटते. एक मोल जस्त गेलं तर ६५.३८ ग्रॅम कमी होतात, आणि त्याच जागी एक मोल तांबं बसलं तर ६३.५५ ग्रॅम परत येतात. फरक दोन ग्रॅमसुद्धा नाही. चोर घरातली पितळी घागर नेऊन जवळपास तेवढ्याच वजनाची तांब्याची ठेवून जातो. नुसतं उचलून बघणाऱ्याला काही कळत नाही. काळा थर सगळा पट्टीलाच चिकटून राहिला असता, तर घट ०.२१-०.२२ आली असती, गणिताशी छान जुळली असती, आणि आम्ही खूश होऊन घरी गेलो असतो. थोडा थर गळून बीकरच्या तळाशी पडला, म्हणून संशय आला. तो तळाचा गाळ तिने फिल्टर कागदावर गाळून, वाळवून तोलला : ०.०८ ग्रॅम. पट्टीवरून घासलेला ०.२८. एकूण ०.३६. आणि तारेतून न गेलेल्या जस्ताची घट, ०.५७ वजा ०.२०५, म्हणजे ०.३६५ ग्रॅम, तिच्या बदल्यात ०.३५५ ग्रॅम तांबं बसायला हवं. शाळकरी काट्यावर याहून जवळ काय येणार? एवढं तांबं एक मोलर द्रावणाच्या साडेपाच मिलिलिटरमध्ये असतं. चहाचा एक चमचा आणि वर थोडंसं. दिवसभरात टॉवेलने तेवढं पलीकडे नेलं होतं.

घासलेल्या पट्टीचा चेहराही बोलका होता. टॉवेलच्या समोरच्या अंगाला देवीच्या वणांसारखे खड्डे, द्रावणाच्या पातळीच्या रेषेवर नखाला लागेल अशी खाच, मागची बाजू त्यामानाने गुळगुळीत. झीज सगळीकडे सारखी होत नाही, हे शिकवायला फळ्यावरची आकृती कधीच पुरत नाही. तिथे अ‍ॅनोड नेहमी व्यवस्थित चौकोनीच झिजतो.

तांब्याच्या बाजूला ०.०३ ग्रॅम कमी पडले होते, ते मात्र पाच मिनिटांत सापडले. घाईत मीच तिला म्हणालो होतो, "पुसून घे पटकन." तिने रुमालाने पुसली. रुमालावर गुलाबी पट्टा उमटला होता. पट्टीच्या कडांना प्रवाह दाटीने येतो, तिथे तांबं भुसभुशीत बसतं आणि बोट लागलं तरी सुटतं. पाण्यात हलकेच बुडवून, मग स्पिरिटमध्ये बुडवून हवेत वाळवायला हवी होती. चूक माझी, वहीत तशीच लिहायला सांगितली.

आता त्या बाकीच्या वह्या. त्यांत घट ०.२५ आणि वाढ ०.२५, किंवा ०.३२ आणि ०.३२. रीडिंग जुळवणं हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे आणि त्यात मुलांपेक्षा आमचा दोष मोठा आहे, कारण जुळलेल्याला आम्ही गुण देतो. गंमत अशी की ही जुळवाजुळवही चुकीची होती. दोन्ही आकडे सारखे येतच नाहीत, दोन धातूंचे अणुभार वेगळे आहेत, ०.३२ ग्रॅम जस्त गेलं तर तांबं ०.३१ यायला हवं. खोटं लिहायचं तर निदान गणित करून लिहावं, असं वर्गात म्हणालो. कुणी हसलं नाही.

प्रयोग पुन्हा करायचा ठरला, पण दिवाळीची सुट्टी आणि मग चाचण्या, असं करत जानेवारी आला. संक्रांत झाली, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरली. एक दिवस ती पिशवीतून दोन सुगडं घेऊन आली. पूजेनंतरची, हळदीकुंकू पुसलेली. "सर, यातून पाणी झिरपतं. आईने ठेवली होती तिथे ओलं झालं होतं."

मातीचं सच्छिद्र भांडं! डॅनियलच्या मूळ कल्पनेशी ती आपणहून येऊन पोचली होती. जॉन फ्रेडरिक डॅनियलने १८३६ मध्ये घट बनवला, तेव्हा दोन द्रावणं वेगळी ठेवायला बैलाच्या अन्ननलिकेचं कातडं वापरलं होतं. पुढे त्या जागी बिनझिलईची मातीची भांडी आली. कातड्याची गोष्ट ऐकून तिने नाक मुरडलं. मामांना मात्र ती फारच आवडली, दिवसभर येईल त्याला सांगत होते.

सुगड आधी रात्रभर झिंक सल्फेटमध्ये भिजत ठेवलं. आत जस्त, बाहेर मोरचूद, त्यात दोन थेंब पातळ सल्फ्युरिक आम्ल आणि वाकवलेली तांब्याची पट्टी. आतली-बाहेरची पातळी तिने डोळे बारीक करून एका रेषेत आणली. रोध एकदम उतरला : त्याच दहा ओहमच्या रोधकातून सरासरी ५२ मिलिअँपिअर. चार तासांत ७४९ कूलोम. गणिताने जस्त ०.२५४ घटायला हवं, तांबं ०.२४७ वाढायला हवं. घासून, स्पिरिटमधून काढून, रुमाल न लावता तोलल्यावर जस्ताची घट ०.२७, तांब्याची वाढ ०.२४. जस्ताच्या खालच्या टोकाला थोडी काळी झाक होतीच. सुगडाची छिद्रंही थोडं तांबं आत सोडतात. फरकाचा बराचसा वाटा तिथे गेला असणार.

वाळायची वाट बघताना तिने विचारलं, "मग प्रत्येक बॅटरीत एक प्लेट झिजते नि एक वाढते का?" नाही. टॉर्चच्या साध्या सेलमध्ये जस्ताचा डबाच अ‍ॅनोड असतो. तो आतून कुरतडला जातो आणि म्हणून जुना सेल टॉर्चमध्ये राहिला की फुटून चिकट होतो. मधली कार्बनची कांडी जशीच्या तशी राहते, बदलतं ते तिच्याभोवतीचं मँगनीज डायऑक्साइड. इन्व्हर्टरच्या बॅटरीत तर आणखी वेगळंच : एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, आणि बॅटरी उतरताना दोन्हींचं लेड सल्फेट होतं. दोन्ही प्लेटा जड होतात. झिजतं ते आम्ल. म्हणून मेकॅनिक प्लेटा काढून तोलत बसत नाही, हायड्रोमीटर बुडवून आम्लाची घनता बघतो. "दोन्ही जड?" ती दोनदा म्हणाली, आणि शिशाचा अणुभार शोधायला पुस्तकाची मागची पानं उलटायला लागली.

फेब्रुवारीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिची वही चाळली. एकाही पानावर खोडलेलं काही नाही, दोन अंदाज, जस्ताची दोन वजनं, रुमालाची नोंद. त्यांनी विचारलं, "यातलं बरोबर वजन कुठलं?" ती म्हणाली, "दोन्ही, सर. एक काळ्यासकट, एक काळ्याशिवाय."

सुगड मामांनी खिडकीत ठेवलंय. वाळलं तसं त्याच्या बाहेरच्या अंगावर बारीक फुलोरा आला, वरच्या काठाला पांढरा, खाली निळसर. बोटाने पुसलं की निघतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा येतो.